तीनशे मिलीचं काम

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमधलं तेल बदलणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. चाकाच्या दोन बाजूंना धक्के झेलणाऱ्या दोन नळ्या असतात, मिस्त्री लोक त्यांना पाय म्हणतात. खालचा स्क्रू काढायचा, जुनं काळं तेल थाळीत निथळू द्यायचं, स्क्रू परत लावायचा, वरून मापानं दीडशे मिली नवं तेल घालायचं, स्प्रिंग सोडायची आणि टोपण आवळायचं. उजव्यात दीडशे, डाव्यात दीडशे, झाले तीनशे. आमच्या मिस्त्रींनी एकतीस वर्षं हे काम केलं होतं. एरवी त्यांनी ते बाहेर उभ्या गिऱ्हाइकाशी गप्पा हाणत केलं असतं. पण हल्ली मिस्त्री साधा नट आवळतानाही घाबरत होते.

त्याचं असं झालं. तीन आठवड्यांपूर्वी नर्सबाईंच्या गाडीचं इंजिनाचं तेल मिस्त्रींनी बदललं, आणि दुसऱ्याच दिवशी नर्सबाई तरातरा दुकानात आल्या. दवाखान्याच्या आवारात गाडीखाली तेलाचं तळं साचलं होतं म्हणे. मिस्त्रींनी वाकून बघितलं, तर इंजिनाखालच्या बोल्टला तांब्याचा वॉशरच नव्हता. आता वॉशर घातल्याचं मिस्त्रींना लख्ख आठवत होतं. त्यांच्या बोटांनासुद्धा आठवत होतं. पण वॉशर नव्हता, त्याला काय करणार? आणि नशीब असं, की नेमकी त्याच वेळी मिस्त्रींची मुलगी दुकानात हजर!

मुलगी विम्याच्या कचेरीत होती. माणसं चुका करणारच, हे धरूनच ती कचेरी चालते. "बाबा, दोन महिन्यांतली ही दुसरी," ती म्हणाली. पहिली म्हणजे एका गिऱ्हाइकाचा आरसा त्याच्या हातात आला होता, नट आवळायचा राहिला म्हणून. ती चूक मिस्त्रींनी तेव्हाच कबूल केली होती. "आरशाचं सोडा. उद्या कुणाचा ब्रेक सुटला तर? आता आणखी एक चूक झाली, की शटर खाली. किल्ली माझ्याकडे द्यायची आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. कबूल?"

"कबूल," मिस्त्री म्हणाले. पोरगी काळजीनं बोलत होती, हे कळत होतं ना! तेच तर वाईट. रागानं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग तिनं भिंतीवर एक पाटी टांगली आणि वळणदार अक्षरात नियम लिहिला, की एक काम झालं की एक खूण, खूण केल्याशिवाय पुढं जायचं नाही. शिवाय चिंध्या बंद केल्या. मिस्त्रींची जुनी सवय होती, पायात तेल भरलं की त्याच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावायचा. धूळ जात नाही, आणि हा पाय भरला, हेही कळतं. मुलगी म्हणाली, "एखाद्या दिवशी बोळा आतच राहील. आता खूण फक्त पाटीवर." एकतीस वर्षांची चिंधी एका वाक्यात गेली.

तर आज नर्सबाईंनी तीच गाडी परत आणली होती. पुढून खड्ड्यात धाडकन आपटते म्हणाल्या, पाच वाजता घ्यायला येते, उद्या सकाळी सहापासून घरोघर पेशंट बघायला जायचंय. वॉशरच्या प्रकारानंतरही बाईंनी गाडी इथंच आणली, म्हणून मिस्त्रींनी ती आधी स्वच्छ धुऊन काढली होती. आणि चार वाजता मुलगी येणार होती. आज काम चुकलं, तर दुकान गेलं. इतकं सरळ होतं ते.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. दोन्ही पायांची टोपणं काढली, स्प्रिंगा पुसून कागदावर निजवल्या. जुनं तेल निघालं ते गटारासारखं काळं. खालचे स्क्रू लावले, दोन्हीकडे वॉशर घातला, आणि घातलेला वॉशर नखानं टोकरून बघितला. नव्या तेलाची लिटरची बाटली फोडली. तेल लालचुटूक, सरबतासारखं. उजव्या पायात दीडशे मिली ओतलं. पाटीकडे जाऊन 'उजवा' या शब्दापुढं खूण केली. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला.

मुलगीच होती. "बाबा, सगळं ठीक ना? पाटी बघताय ना?"

"बघतोय गं बाई. पाटीशिवाय शिंकतसुद्धा नाही मी."

पलीकडं दुकानाच्या पुढच्या भागात बायकोचं शिवणयंत्र चाललं होतं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. तिची जागा आणि मिस्त्रींची जागा यांच्यामध्ये एक मेणकापडाचा पडदा. फोनवर बोलता बोलता यंत्राचा आवाज थांबला आणि जरा वेळानं पुन्हा घाईघाईनं सुरू झाला. दोरा तुटला असेल, मिस्त्रींना वाटलं.

परत येऊन त्यांनी डाव्या पायात दीडशे ओतलं, खूण केली, आणि स्प्रिंग सोडण्याआधी सवयीनं दोन्ही नळ्यांत डोकावून बघितलं. डाव्यात तेल असायला हवं तिथं होतं, चांगलं खोल. आणि उजव्यात? उजव्यात तेल चार बोटांवर आलं होतं! वरूनच चमकत होतं.

मिस्त्रींनी डोळे चोळले. विणकामाची सुई आत घालून बघितली. ही सुई त्यांनी बायकोच्या टोपलीतून कधीकाळी लांबवली होती, माप बघायला फार झकास, आणि बायको तिची जोडी अजून शोधते. सुई टोकापासून मुठीपर्यंत भिजून आली. मग त्यांनी बाटली उजेडात धरली. लिटरमधून तीनशे गेले तर सातशे उरायला हवेत. उरले होते साडेपाचशे.

म्हणजे तीनदा ओतलं होतं. आठवत होतं ते फक्त दोनदा.

मिस्त्रींच्या पाचावर धारण बसली. माणूस एखादी गोष्ट करायची विसरतो, ते ठीक आहे, कुणीही विसरेल. पण केलेली गोष्टच डोक्यातून साफ पुसली जावी? हातानं बाटली उचलली, माप धरलं, ओतलं, ठेवलं, आणि डोक्याला पत्ताच नाही? त्यांनी घाईघाईनं मनातल्या मनात स्वतःचं नाव घेतलं, पत्ता म्हटला, मुलीचा वाढदिवस आठवला. सगळं जागेवर होतं. मग हे काय?

ओरडायची सोय नव्हती. पडद्यापलीकडं बायको. तिला कळलं तर हातपाय गाळेल, आणि तिच्या पोटात काही राहत नाही, चार वाजता पोरीला सांगून मोकळी होईल. मिस्त्रींनी आवाज न करता उजव्याचा स्क्रू काढला, सगळं तेल थाळीत सोडलं, स्क्रू लावला, नव्यानं दीडशे मोजून ओतलं. ओतताना ओठ हलवून म्हणाले, "हे ओतलं. मी ओतलं. उजव्यात ओतलं." सुईनं बघितलं. दोन्ही पाय सारखे. पाटीवरच्या खुणेवर दुसरी खूण गिरवली. बाटलीत चारशे उरले, तेही बघून ठेवलं.

पण हात तेलानं बुळबुळीत झाले होते. अशा हातांनी टोपणाचे आटे बसवायचे म्हणजे ते वाकडे जायचे. म्हणून ते मागच्या मोरीवर गेले, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि जरा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. पुढं यंत्राचा आवाज पुन्हा थांबला होता, पण ते ध्यानात यायला डोकं ठिकाणावर कुठं होतं?

परत आले. उजव्यात डोकावले. ठीक. डाव्यात डोकावले.

डाव्यात तेल चार बोटांवर!

"अरे, हा काय चावटपणा आहे!" मिस्त्री गाडीलाच म्हणाले.

आता मात्र त्यांची मती गुंग झाली. मघाशी उजवा भरला होता आणि डावा ठीक होता. आता उजवा ठीक आणि डावा भरलेला. बाटलीत अडीचशे. म्हणजे मोरीवर जाताना आपणच ओतलं? की मोरीवरून येताना? की आपण मोरीवर गेलोच नाही? त्यांनी चेहऱ्याला हात लावला. चेहरा ओला होता. म्हणजे गेलो होतो. मग क्षणभर असंही वाटून गेलं, की उजव्यातलं काढून टाकलं ते मुळात डाव्यातलंच होतं. पण उजव्यातून काढलेलं तेल डाव्यातलं कसं असेल? विचार करावा तेवढा गुंता वाढत होता. घड्याळात साडेतीन झाले होते.

त्यांनी डावा पाय रिकामा केला. पुन्हा दीडशे ओतलं. बाटलीत उरले शंभर. तीनशे मिलीच्या कामाला जवळजवळ अख्खी बाटली! थाळीत लालभडक नवं तेल काठोकाठ, आणि मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवे बसलेले. डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगा, आलं. किल्ली जाईल, ठीक आहे, एक दिवस जायचीच होती. पण आपल्याच हातांवर आपला भरवसा नाही, मग उरलं काय?

तेवढ्यात त्यांना एक गोष्ट सुचली. समजा हात आपलं ऐकत नाहीत. मग हात इथून लांब नेऊन बघू. ते उठले, "जरा आडवा होतो गं!" असं पुढं ओरडून सांगितलं, आतल्या खोलीत गेले, दार पुरतं न लावता दाराआड उभे राहिले, आणि दोन्ही हात खिशात घातले. हे एवढं मात्र त्यांनी नीट बघून घेतलं, की दोन्ही हात खिशातच आहेत.

यंत्र थांबलं. पडदा हलला. बायको आली.

पावलं न वाजवता ती गाडीजवळ आली, दोन्ही नळ्यांकडे बघितलं, मग थाळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा, पुन्हा काढून टाकलं!" असं पुटपुटत तिनं डोळ्यांना पदर लावला. मग बाटली उचलली, हलवून बघितली आणि मापाच्या भांड्यात ओतू लागली.

"अगं, काय करतेस?"

ती दचकायच्या ऐवजी भडकलीच. "मी काय करते? तुम्ही काय करता ते आधी सांगा! मी उजवा भरला, तुम्ही काढून टाकलात. राहिलेला डावा भरला, तोही काढून टाकलात. नवंकोरं तेल! काय झालंय हो तुम्हाला?"

"तू भरलंस?"

"मग कोण भरणार? तुम्ही तसंच सोडून फोनवर गेलात!"

"भरून गेलो होतो! पाटीवर खूण आहे!"

"पाटीचं मला सांगू नका. चिंधी कुठाय? एका तरी पायाला बोळा होता का?"

मिस्त्रींनी दोन्ही नळ्यांच्या उघड्या तोंडांकडे बघितलं. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एकतीस वर्षं ही बाई पडद्याच्या फटीतून बघत आली होती. बोळा दिसला की पाय भरला, नाही दिसला की रिकामा. आणि आपण बोळा लावायचं सोडलं ते हिला सांगितलंच नाही. सांगायची लाज वाटली होती, आपल्याला पाटी लावून घ्यावी लागली याची.

"चिंध्या बंद केल्यात तिनं," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. फोर्कचं काम तेव्हापासून आजच आलं."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले. थांबेनाच हसू. आपलं डोकं शाबूत आहे! हात आपलेच आहेत! बायकोही रडता रडता हसली. मग मिस्त्रींच्या ध्यानात आलं, की या सगळ्यात एक प्रश्न राहूनच गेला.

"पण तू मुळात इथं येतेसच कशाला?"

बायकोचं हसू गेलं. "आरशाचं झालं ना, तेव्हापासून. तुम्ही चहाला गेलात, मोरीवर गेलात, की येऊन बघते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही." मग ती पुढं गेली आणि बॉबिनची डबी घेऊन आली. डबीतून तिनं एक तांब्याचा वॉशर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "नर्सबाईंच्या गाडीचा. तुम्ही घातला होतात. नवं तेल ओतायच्या आधी तुम्ही मोरीवर गेलात, तेव्हा घातलाय का ते बघायला मी बोल्ट काढला, आणि लावताना हा माझ्या मुठीतच राहिला."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. "तीन आठवडे? तीन आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःचं नाव-गाव म्हणून बघतोय! अगं, लहान मुलासारखे पाढे म्हणून बघतोय मी! आणि हा तुझ्या डबीत होता?"

"सांगणारच होते हो. पण तिनं किल्लीचं काढलं. मला वाटलं, आता मी सांगितलं तर म्हणेल, दोघांचंही डोकं गेलं, आणि मग आत्ताच चला." ती खाली बघत होती. "भ्याले मी. चुकलं माझं."

मिस्त्री फार संतापले होते. आणखी चार शब्द सुनावणार होते, पण दारात चप्पल वाजली. मुलगी आली होती, चारच्या ठोक्याला.

तिनं थाळीतलं तेल बघितलं, रिकामी होत आलेली बाटली बघितली, आईचे लाल डोळे बघितले. "काय झालं? कुणी चूक केली?"

"मी," बायको म्हणाली.

"मी," मिस्त्री म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. राग गेला नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

"तुम्ही कशाला मध्ये पडताय? वॉशर मी काढला."

"बोळा मी बंद केला आणि सांगितलं नाही."

"बोळा हिनं बंद केला!" बायको मुलीकडे बोट दाखवत म्हणाली.

"थांबा, थांबा!" मुलगी किंचाळली. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी उजवा आणि डावा यांत तिचा गोंधळ झाला. शेवटी ती कपाळ चोळत म्हणाली, "म्हणजे वॉशर बाबांनी घातला होता. मग बाबांची अशी चूक एकच, आरशाची. माझ्या ऑफिसात रोज याहून जास्त होतात." तिनं खिळ्यावरच्या किल्लीकडे बघितलं आणि ती तिथंच राहू दिली. "एका छपराखाली राहता, जरा एकमेकांशी बोलत जा ना!" असं म्हणून, आईला जवळ घेऊन, ती कचेरीत परत गेली.

दुकान वाचलं. मिस्त्रींनी सुईनं माप बघितलं, उजवी स्प्रिंग सोडली, टोपण आवळलं, पाटीवर खूण केली. मग डावी. गुणगुणतसुद्धा होते. पलीकडं यंत्र चालू झालं होतं.

"अगं," त्यांनी गमतीनं विचारलं, "दोन महिने माझ्या मागं हेरगिरी केलीस. खरोखर माझी म्हणून एखादी चूक सापडली का कधी?"

यंत्र थांबलं.

"चार," पडद्यामागून आवाज आला.

मिस्त्री हसले. मग ती पुढं काही बोलेना, तेव्हा हसायचे थांबले. त्यांनी पडदा बाजूला केला. "कुठल्या चार?"

ती कव्हराच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. "शाळेतल्या शिपायाच्या मागच्या चाकाचा नट. दूधवाल्याच्या चेनची क्लिप. एकदा पाटीवर खूण केलीत आणि तेल घातलंच नव्हतं, म्हणून माझा पाटीवर विश्वास नाही. आणि गिरणीवाल्याचा पुढचा ब्रेक. केबल नुसती अडकवून ठेवली होतीत."

गिरणीवाला त्या गाडीवरून दोन्ही मुलांना शाळेत सोडतो. एक पुढं टाकीवर, एक मागं.

मिस्त्रींना यातलं काहीएक आठवत नव्हतं. केबल नाही, क्लिप नाही. आत्ता मघाशी तेलाच्या वेळी वाटलं होतं तसंच, पण या वेळी दाराआड उभं राहून बघण्यासारखं काही नव्हतं.

"पोरीला का नाही सांगितलंस?"

"तिनं विचारलं नाही. तुम्ही विचारलंत."

ते खिळ्यापाशी गेले. किल्ली काढली आणि बायकोपुढं धरली. बायकोनं किल्ली घेतली, उठून परत खिळ्याला अडकवली, आणि पाटीखालचा खडू उचलून त्यांच्या हातात दिला. मिस्त्री पाटीकडे वळले. मग आपल्या खुणांच्या शेजारी वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडची जागा रिकामी ठेवली.

"चोरून नको," ते म्हणाले. "समोर येऊन बघत जा."

पाच वाजता नर्सबाई आल्या. खांद्याला पिशवी, जरा घाईत. "काय काका, झालं का काम?"

एकतीस वर्षं या प्रश्नाला मिस्त्रींचं एकच उत्तर होतं, आणि ते देताना ते कुणाकडे बघत नसत. आजही त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि बायकोकडे बघितलं.

बायको उठली. गाडीजवळ येऊन तिनं दोन्ही टोपणांना पाना लावून बघितला, खाली वाकून दोन्ही स्क्रू बघितले, हँडल धरून पुढचा भाग दोनदा दाबला. पाटीवर रेघेपलीकडं एकेक खूण केली आणि खडूचे हात पुसले.

"झालं," ती म्हणाली.